काचेला धरून

प्रवाळांच्या टाकीत दिवे महागडे, पंप महागडे, आणि प्रवाळांच्या फांद्या तर जिवापाड जपून वाढवलेल्या. या सगळ्याची मदार मात्र कैकदा बोटाच्या पेराएवढ्या सक्शन कपावर असते. हीटर काचेला धरून ठेवायचं काम त्याचं.

कपाला स्वतःचा चिकटपणा नसतो. आतलं पाणी दाबून काढलं की बाहेरचा दाब त्याला काचेवर रेटून धरतो; नुसत्या हवेचाच दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो भरतो. कड सलग टेकलेली आहे तोवर सगळं ठीक. खाऱ्या पाण्यात ती फार काळ टेकत नाही. काचेवर बुळबुळीत थर चढतो, जांभळं, चुन्याचं कवच धरणारं शेवाळ कडेखाली शिरून तिला उचलतं. प्लास्टिकला मऊ ठेवणारी द्रव्यं झिरपून गेली की कप कडक होतो, आणि हीटरच्या उबेने हे आणखी लवकर घडतं. मग तो सुटतो. तापलेला हीटर प्रवाळावर आडवा पडला, तर टेकला तेवढा भाग मरतो.

हेच काम निसर्गात एक मासा करतो, आणि तो पाहण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, नॉर्दर्न क्लिंगफिश नावाचा बोटभर मासा राहतो. त्याच्या पोटाखालच्या परांची मिळून एक चकती झालेली आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत ॲडम समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पकड मोजली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार हा मासा स्वतःच्या वजनाच्या 80 ते 230 पट जोर सोसतो, आणि तोही खडबडीत पृष्ठभागावर, जिथे बाजारचा कप टिकतच नाही. पुढच्या प्रयोगांत शेवाळ-कीटण चढलेल्या पृष्ठभागावरही त्याने धरून दाखवलं. गुपित कडेत आहे. साधा कप सुटतो तो बहुधा कड आत घसरल्यामुळे. माशाच्या चकतीची कड बारीक उंचवट्यांनी भरलेली असते, उंचवट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात. ते खडकाच्या खाचाखोचांत रुततात आणि कडेला घसरू देत नाहीत. 2019 साली पेट्रा डिट्शे आणि समर्स यांनी हीच युक्ती वापरून मऊ कडेचा कप बनवला, तोही खडबडीत दगडाला धरून राहिला. काचेची टाकी ही खडकापेक्षा किती सोपी जागा, आणि तिथेच आपले कप सुटतात!

कालवांची तऱ्हा आणखी वेगळी. ती एक शिंपला खडकाला कायमचा जोडूनच टाकतात. कोकणात ओहोटीच्या वेळी कालवं काढणाऱ्या बायकांना लोखंडी हत्याराचे घाव घालावे लागतात, ते उगाच नाही.

टाकीवाल्यांनी आता कपाऐवजी चुंबक जवळ केलं आहे. प्रवाळ जागचं हलत नाही. प्राणवायू आणि अन्न त्याच्यापर्यंत वाहत्या पाण्यानेच यायला हवं. ते पाणी हलवणारं पॉवरहेड काचेच्या आतबाहेर बसवलेल्या निओडिमियम चुंबकांच्या जोडीने लटकवतात. मासातो सागावा यांनी जपानमध्ये 1982 साली शोधलेलं हे चुंबक विलक्षण ताकदीचं आहे, पण त्याचा बराचसा भाग लोखंडच. वेष्टनाला केसाएवढी चीर गेली की खारं पाणी आत शिरतं, गंज फुगतो, वेष्टन फोडतो. शिवाय काच जाड असेल तर पकड झपाट्याने कमी होते. 10 मिलिमीटरसाठी बनलेलं चुंबक 15 मिलिमीटरच्या काचेवर लावणं हा मोह टाळावाच. थरथरत खाली घसरलेलं पॉवरहेड वाळूकडे तोंड करून बसलं, तर सकाळपर्यंत प्रवाळांवर वाळूचा थर साचलेला असतो, आणि त्याखाली ती गुदमरतात.

तेव्हा हीटर खालच्या अंगाला आडवा बसवा, म्हणजे पाणी उडून पातळी उतरली तरी तो उघडा पडणार नाही. त्याला एकट्या कपाच्या भरवशावर सोडू नका. प्लास्टिकची एखादी पट्टी जोडीला द्या. कप कडक लागला की बदला, काच पुसून मगच तो बसवा. चुंबकावर तांबूस डाग दिसला, तर ते त्याच दिवशी पाण्याबाहेर काढा.