आवर्तन

मे महिन्यात वारूळवाडीच्या बंधाऱ्यावर दुपारी बारानंतर माणूस सापडत नाही. मीना नदीचं उरलंसुरलं पाणी तेव्हा चतुरांच्या मालकीचं. जांभळट लाल अंगाचा एक नर पाणकणसाच्या सुकल्या टोकावर ठाण मांडतो, दुसरा जवळ फिरकला की पिटाळतो आणि पुन्हा त्याच टोकावर येऊन बसतो. ऊन डोक्यावर आलं की शेपटी सरळ सूर्याकडे उभी करतो, शीर्षासन घातल्यासारखी. अंगावर ऊन कमीत कमी पडावं म्हणून. खालच्या काड्यांना चिकटलेल्या असतात त्यांच्या पाण्यातल्या बालपणाच्या कोरड्या खोळी. पाठीवर चीर, आत कुणी नाही. पिवळे भटके चतुर मात्र अजून यायचेत. ते पावसाळी वाऱ्याबरोबर येतात, आणि परतताना हिंदी महासागर ओलांडून आफ्रिका गाठतात असं अभ्यासक मानतात.

पक्षी पाहायचे तर येडगावचं धरण. पहाटेच जावं, पण उसाच्या कडेनं एकट्यानं नको. बिबट्याच्या धाकानं आमच्याकडे मोबाइलवर गाणी लावून चालतात. पक्ष्यांनी मग का थांबावं? तरी थांबतात. पाणी मागं सरून उघड्या पडलेल्या गाळावर शेकाटे लांब गुलाबी पाय जपून टाकत चरतात. हळदी-कुंकू बदकांची जोडी काठानं सरकते. नदीसुरय वरून सूर मारतो, बहुतेकदा रिकाम्या चोचीनं वर येतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

आणि टिटवी. गाळपेरीच्या ढेकळांत तिची चार अंडी; ढेकळांच्याच रंगाची, त्यामुळे पाऊल पडण्याआधी दिसली तर नशीब. दुपारी ती उठते, पाण्यात पोट भिजवते आणि ओल्या पिसांनिशी परत येऊन बसते. या दिवसांत अंडी उबवण्यापेक्षा ती गार ठेवणंच मोठं काम.

टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, नदीच्या पात्रात घातली तर दुष्काळ, असा जुना ठोकताळा. पण येडगावचं पाणी आभाळाचं ऐकत नाही. डिंभे, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे इथलं पाणी इथं येतं आणि डाव्या कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे निघतं. आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, ठरतं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. ढगाचा ठिपका नसताना पाणी चढू शकतं आणि घरटं खाली जातं. टिटवीचं पिढीजात शहाणपण पावसापुरतं. डिंभ्याचं पाणी कधी सुटेल, हे तिला कोण सांगणार?

म्हणून धरणाला दोष द्यावा, तर मला तो देववत नाही. धरण नसतं तर मे महिन्यात हा गाळ नसता, शेकाटेही नसते. नांदूर मधमेश्वरचा बंधाराही सिंचनासाठीच बांधलेला. मागं गाळ साचत गेला, पाणथळ झाली, पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. येडगावला असला दर्जा नाही. इथं गाळपेर करणारा ट्रॅक्टर अंड्यांना वळसा घालून गेला, तर तेवढंच अभयारण्य.

अंडी बुडाली तर टिटवी पुन्हा घालते, साहजिकच वरच्या अंगाला. पारावरचे म्हातारे नेमकी ती दुसरी जागा पाहून येतात आणि सांगतात, यंदा पाऊस चांगलाय.