शिफ्टवर रेंगाळलेलं बोट

कीबोर्ड गेला असं कुणी सांगितलं की हल्ली मी आधी विचारतो, 'ळ' शोधत होतात का? ही सवय लागली मारुंजीत माझ्याकडे लिनक्स शिकायला येणाऱ्या एका मुलीमुळे. ती इनस्क्रिप्ट मांडणीत मराठी लिहिते आणि तिचा कीबोर्ड मधूनच मुका व्हायचा. केबल बदलली, मांडणी पुन्हा लावली, फरक शून्य. एक्स सर्व्हरकडून येणाऱ्या कळा दाखवणाऱ्या एक्सईव्हीत कळ दाबल्याची ओळ उमटेना. थेट कर्नलकडून वाचणाऱ्या ईव्हीटेस्टमध्ये मात्र तीच कळ लख्ख दिसे. म्हणजे कर्नलपर्यंत सगळं शाबूत, वर एक्स सर्व्हरमध्ये कुणीतरी ती गिळतंय.

त्या होत्या स्लो कीज. सुलभतेच्या सोयी कीबोर्डवरून चालू करायची मुभा असली, की शिफ्ट सलग ८ सेकंद धरताच त्या सुरू होतात. मग कळ थोडा वेळ दाबून ठेवल्याशिवाय अक्षर उमटत नाही. हाताला कंप असलेल्यांना ही सोय फार मोलाची. पण १९८६ च्या इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, ण, श, ळ शिफ्टवर आहेत, 'तऱ्हा'तला ऱ सुद्धा. इंग्रजी लिहिणारा शिफ्ट क्षणभर दाबतो. मराठी शिकणारा ती धरून अक्षर शोधत बसतो.

सावध करायला घंटा असते. ती वाजणार कशी? उबुंटूत पीसी स्पीकरचा ड्रायव्हर मुळातच ब्लॅकलिस्टमध्ये, वर कुणीतरी घंटा बंद करणारं 'एक्ससेट बी ऑफ' लिहून ठेवलेलं. एक्सची घंटा एरवी ४०० हर्ट्‌झची, १०० मिलिसेकंदांची. एवढासा आवाज, पण तोच सांगणारा होता.

हिंजवडी पट्ट्यातली सपोर्टची मंडळी अशा वेळी नवा कीबोर्ड जोडून तिकीट बंद करतात. मला त्याचा राग येतो. रीबूट न करता दोष पकडण्याचा गर्व माझ्यात जुना आहे. ईव्हीटेस्टची ओळ उमटली तेव्हा त्या मुलीनं पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहावं असं मला वाटलं. आता एक्सच्या जागी वेलँड आलं. तिथं एक्ससेटनं घंटा हलत नाही, कळांचा कारभार प्रत्येक डेस्कटॉपनं आपापल्या हाती घेतलाय. माझी निम्मी विद्या त्यात जाते, याचं दुःख आहेच.

टर्मिनलमधली टॅबची बीप नकोशी असेल तर इनपुटआरसी फाइलमध्ये 'सेट बेल-स्टाइल नन' लिहा. बॅश तेवढ्यानं गप्प बसतो. पण मराठी शिकणाऱ्याच्या यंत्रावरची घंटा कृपा करून बंद करू नका.