तीन खोऱ्यांच्या माथ्यावरून एक फेरी

राहुरीकडे मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस उभा असतो. जुन्नरच्या बागायतीला कुकडी प्रकल्पाचे पाणी मिळते. मुरबाडची भातखाचरे पावसावर आणि काळू नदीच्या खोऱ्यावर जगतात. या तिन्ही भागांतील शेतकरी एकमेकांना ओळखत नसतील. पण त्यांच्या पाण्याचा काही वाटा एकाच डोंगरावरून खाली येतो. तो डोंगर म्हणजे हरिश्चंद्रगड. पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा येथे जवळ येतात. सुगी उरकली, रब्बीला एक पाणी देऊन झाले की घरातील चालत्या माणसांनी या गडाची एक दिवसाची फेरी अवश्य करावी.

फेरी म्हणजे नुसते वर जाऊन खाली येणे नव्हे. एका बाजूने माथ्यावर चढावे, शिखर पाहावे, कड्याकडे वळावे आणि गोल फिरून पुन्हा उतरणीच्या वाटेला लागावे. अशा फेरीत चालणे वाढते, पण तेच ते पुन्हा पाहावे लागत नाही. मात्र तिचा हिशेब आधी घरी बसून करावा लागतो. पाटाच्या पाण्याची पाळी जशी वेळेवर धरावी लागते, तशीच डोंगरावरची प्रत्येक वेळ धरावी लागते. एक चुकली की पुढच्या साऱ्या चुकतात.

गडावर वाटा अनेक आहेत. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आहे. बेलपाड्याकडून नळीची वाट चढते, ती अवघड असून मुलाबाळांसाठी मुळीच नाही. कुटुंबाने अकोले तालुक्यातील राजूरमार्गे पाचनई गाठावी. येथून चढ दीड ते दोन तासांचा आहे. आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचावे. गावात राहण्याची आणि भाकरीची सोय होते. गावचाच एक वाटाड्या बरोबर घ्यावा. त्याला धुक्यातही वाट कळते आणि त्या घरात चार पैसेही जातात. आपल्या घरी दोन्ही वेळच्या धारा कोण काढणार, हे मात्र निघण्यापूर्वीच शेजाऱ्याशी बोलून ठरवावे. नाहीतर अर्धे मन गोठ्यातच राहते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. पावसाळ्यात गड हिरवागार दिसतो, पण धुक्यात कड्याची कड दिसत नाही आणि खडक शेवाळलेले असतात. उन्हाळ्यात माथ्यावर सावली थोडी.

पहाटे सहाला पाचनई सोडावी. ऊन चढण्याच्या आत चढ संपतो. आठच्या सुमारास हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर लागते. चांगदेवांच्या ‘तत्त्वसार’ ग्रंथाची रचना याच ठिकाणी झाली. जवळच केदारेश्वराची लेणी आहे. कमरेइतक्या गार पाण्यात मोठे शिवलिंग असून भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. अर्ध्या तासात दर्शन आटोपून तारामतीकडे निघावे. हरिश्चंद्र राजाच्या गडावर तारामती आणि रोहिदास ही शिखरांची नावे आहेत. म्हणजे डोंगरावरही सारे कुटुंब एकत्रच आहे!

तारामती हे गडाचे सर्वांत उंच शिखर, सुमारे १,४०० मीटर. साडेनऊपर्यंत तेथे पोहोचून थोडे बसावे आणि चौफेर पाहावे. ईशान्येकडचे पाणी मंगळगंगेतून मुळेला मिळते. पुढे मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला. दक्षिणेला पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय चमकतो. ते पाणी कुकडी, घोड, भीमा असे करीत कृष्णेच्या खोऱ्यात जाते. पश्चिमेचे पाणी काळूतून उल्हास नदीला मिळून अरबी समुद्रात जाते. एकाच सरीचे दोन थेंब या माथ्यावर हातभर अंतराने पडले, तर एक पूर्वेच्या समुद्राला आणि एक पश्चिमेच्या समुद्राला जाऊ शकतो.

शिखर उतरून पश्चिमेकडे कोकणकड्यावर बारापर्यंत यावे. हा कडा आत वळलेला, वाटीच्या कडेसारखा आहे. खालून वर येणारा वारा जोराचा असतो. पाहायचे तर कडेपासून दूर, पोटावर झोपून पाहावे. मुलांचा हात सोडू नये. कड्याकपारीत आग्या मोहोळे असतात, म्हणून धूर किंवा आरडाओरडा करू नये. शिदोरी मागे, झाडाच्या सावलीत सोडावी.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. दुपारी दीडला, काही पाहायचे राहिले असले तरी, कड्यावरून माघारी फिरायचे. तीनला मंदिर सोडायचे, म्हणजे साडेचारपर्यंत पाचनई येते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण घळीत अंधार आधीच भरतो. थकलेले पाय उतरणीवरच घसरतात. घोळक्यात सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच सर्वांचा वेग धरावा. सकाळी चढाला दोनऐवजी तीन तास लागले, तर तारामती सोडून द्यावी. शिखर कोठे जात नाही.

माणशी तीन लिटर पाणी, भाकरी, चटणी, गूळ, विजेरी, काठी आणि जखमेची पट्टी एवढे सामान पुरे. टाक्यातले पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

उतरताना पायाखालची जमीन पाहा. काळ्या कातळावर मातीचा थर वीतभरही नाही. कारवीची झुडपे आणि गवत ही माती धरून ठेवतात. सात वर्षांनी फुलणारी कारवी कापली, किंवा विडीच्या थोटकाने गवताला वणवा लागला, तर पहिल्याच पावसात ती माती वाहून जाते आणि खालच्या धरणात गाळ होऊन बसते. १९८६ पासून हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. पण कायद्यापेक्षा येणाऱ्याची समज अधिक राखण करते. पाचनईकर वरई-नाचणीवर भागवून ज्या उतारांवर राहतात, तेथेच आपल्या उसाचे आणि भाजीपाल्याचे पाणी जन्म घेते.

म्हणून वर नेलेला प्रत्येक कागद खाली आणावा, चूल पेटवू नये आणि निघताना पाचनईच्या एखाद्या घरून शेर-दोन शेर नाचणी विकत घ्यावी.