शून्य अंशाचा धडा

तापमापकाचेंहि कोणी माप घेतें, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें. आमच्या पनवेलजवळ तळोजें येथें मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील एका लहानशा प्रयोगशाळेंत आमचा एक जुना विद्यार्थी काम करतो. औषधांच्या कारखान्यांतून व रुग्णालयांतून आलेले तापमापक तेथें तपासले जातात. गेल्या महिन्यांत त्यानें आग्रह करून आम्हांस तें काम पाहावयास नेलें.

मेजाएवढी एक पोलादी पेटी होती व तिच्या पोटांत द्रवानें भरलेलें खोल कुंड. तो त्यास ‘बाथ’ म्हणतो. आंत एक लहान पंखा द्रव सारखा घुसळीत असतो; त्यामुळें तळाशीं व वर उष्णतामान एकच राहतें. तपासावयाचा तापमापक आणि प्लॅटिनमचा प्रमाणभूत तापमापक शेजारींशेजारीं बुडवावयाचे व दोहोंचे आंकडे ताडून पाहावयाचे. त्या प्रमाणभूत तापमापकाचीहि परीक्षा त्याहून श्रेष्ठ तापमापकाशीं झालेली असते. आणि अशी ही गुरुपरंपरा शेवटीं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोंचते.

त्या दिवशीं कुंड ५ अंश सेल्सिअसवर ठेवावयाचें होतें. पुष्कळशा लसी २ ते ८ अंशांच्या दरम्यान सांभाळाव्या लागतात. त्यांच्या पेटींतला तापमापकच दोनचार अंशांनीं चुकीचा असला, तर लस गोठून अगर उबून निकामी होते, आणि टोंचणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

घरच्या फ्रिजाप्रमाणें येथेंहि यंत्र मधून मधून चालू-बंद होत असेल, अशी आमची समजूत. ती ऐकून तो हंसला. “सर, तसें केलें तर आंकडा सारखा खालींवर होईल. काँप्रेसर बंद करायचाच नाहीं. थंडी एकसारखी चालू ठेवायची आणि तिच्यावर हीटरनें थोडी थोडी ऊब सोडीत राहायचें. आंकडा स्थिर राखतो तो हीटर.”

मग त्यानें आम्हांस खुणा सांगितल्या. हीटर अगदीं शून्यावर जाऊन बसला, तर थंडी अपुरी पडत आहे असें समजावें. मग कुंडावर ताबाच उरत नाहीं. तो सदैव पूर्ण जोरावर राहिला, तर थंडी फाजील झाली. मग तिचा जोर उतरवावा. खोलीच्या उष्णतामानाच्या आसपास बेताची थंडी पुरते. त्याहून बरेंच वर, निर्मात्यानें आंखून दिलेल्या मर्यादेपलीकडे, काँप्रेसर बंदच ठेवावा, नाहीं तर त्यावर फार भार पडतो. तेथें भोंवतालची हवाच उष्णता हळूहळू ओढून घेते. आणि एकदां बंद केलेला काँप्रेसर आंतील दाब सारखा होईपर्यंत कांहीं मिनिटें पुन्हां चालू करूं नये.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत स्पर्श त्रिविध सांगितला आहे: शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत. शीत हा जलाचा गुण, असें आम्हीं तरुणपणीं पाठ केलें होतें. शीत म्हणून निराळें कांहीं नसून तें केवळ उष्णतेचें निघून जाणें आहे, असें आधुनिक शास्त्र म्हणतें. त्या दोन्ही मतांचा मेळ मनांत घालीत असतांनाच त्यानें सहज विचारलें, “सर, तो बर्फाचा पेला आठवतो कां?”

आठवत होता. शास्त्राचे शिक्षक रजेवर असल्यामुळें एके दिवशीं त्यांचा तास आम्हां संस्कृतवाल्याकडे आला. वितळत्या बर्फांत तापमापक बुडवून शून्य दाखवावयाचें होतें. ह्यानें पाहून सांगितलें, “सर, दोन दाखवतो.” पुस्तकांत शून्य, फळ्यावर आमच्या हातचें शून्य, तेव्हां पोराचेंच चुकलें! त्यानें पुन्हां पाहून पुन्हां दोनच सांगितलें. आम्हीं त्यास उद्धट ठरवून तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभें केलें. तापमापकाकडे एकदां वांकून पाहावें, हें कांहीं आम्हांस सुचलें नाहीं.

“तेव्हां तुझेंच बरोबर होतें,” आम्हीं म्हणालों. इतकें म्हणावयास आम्हांस तीस वर्षें लागलीं. तो कांहीं बोलला नाहीं. कुंडावरील आंकड्याकडे पाहत राहिला. आंकडा पांचावर स्थिर होता.

घरीं येतांना मनांत येत होतें कीं, वर्गांत आमची थंडी तरी एकसारखी कोठें होती? चालू झाली म्हणजे कडाका आणि बंद झाली म्हणजे पूर्ण ढिलाई. शिस्त न सोडतां तिच्यावर बेताची ऊब सोडीत राहावें, ही युक्ति त्या पेटीस साधली. आम्हांस साधली नाहीं.

ज्या घरीं फ्रिजांत इन्शुलिन ठेवावें लागतें, तेथें आंत एक तापमापक असावा. स्वच्छ बर्फ चुरून, त्यांत थोडें पाणी घालून, तो त्यांत बुडवावा व आंकडा स्थिर झाल्यावर शून्य येतें कीं नाहीं हें पाहावें. न आल्यास, तो आंकडा वाचणाऱ्या पोरास मात्र बाहेर उभें करूं नये.