नेवाशातले एव्हरेस्ट

नेवाशाला डोंगर नाही. प्रवरेकाठची काळी जमीन, उसाचे फड आणि नजर पोचेल तिथवर सपाटी. उंच म्हणावे असे एकच ठिकाण, लाडमोडची टेकडी. आणि तीही देवाने नव्हे, माणसांनी केलेली! जुनी घरे पडली, त्यांवर नवी उठली, असे शतकानुशतके चालले, त्याचा तो उंचवटा. १९५४ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी तिथे उत्खनन सुरू केले. म्हणजे पुण्याची विद्वान मंडळी नेवाशाच्या डोंगरावर आली ती चढायला नव्हे, खाली उतरायला!

अशा गावी गेल्या दिवाळीत आम्ही एव्हरेस्ट पाहिले.

निमित्त माझ्या भाचीचे. पोरगी कळसूबाई चढून आली. ते १६४६ मीटरचे, राज्यातले सर्वांत उंच शिखर आमच्याच जिल्ह्यातले. प्रवराही तिकडच्याच रतनगडाच्या डोंगरातून येते. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता : उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकायला जायचे. ताईचे उत्तरही एकच. "प्रवरेत पाय घसरला तर ओढून काढायला चार माणसं धावतील. तिथं कोण आहे?"

भाचीने युक्ती केली. भाऊबिजेच्या रात्री माडीवरच्या भिंतीला पांढरी चादर लावली आणि फिल्म्स डिव्हिजनचा १९६८ चा 'एव्हरेस्ट' हा माहितीपट सुरू केला. संगीत शंकर-जयकिशन यांचे, हे ऐकून ताई हातातले काम टाकून येऊन बसली.

मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखालची १९६५ ची ती भारतीय मोहीम. एन. एस. थापांनी त्यावर हा चित्रपट केला. त्या मे महिन्यात नऊ जण शिखरावर पोचले. पण शिखरापेक्षा मन धरून ठेवते ती वाटेवरची खुंबूची हिमनदी. तिथे बर्फाची नदी उतारावरून कोसळता कोसळता गोठल्यासारखी दिसते. वाड्याएवढे तिचे तुकडे, त्यांत खोल भेगा, आणि सगळे रोज थोडेथोडे सरकणारे. काल केलेली वाट आज असेलच असे नाही. भेगेवर शिडी आडवी टाकायची आणि पाठीवर ओझे घेऊन तिच्यावरून पलीकडे जायचे. ताईने पदर तोंडाशी नेला तो तिथेच.

शेवटच्या तुकडीत अहलुवालिया होते. २९ मे रोजी ते माथ्यावर उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून जन्माचे चाकांच्या खुर्चीत बसले. मी हे सांगितले तेव्हा माडीवर कोणी बोलेना.

"म्हणजे डोंगरानं सोडलं आणि माणसांनी गाठलं," ताई म्हणाली.

भाचीने माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसलो. अशा वेळी मामाने बोलू नये.

थोड्या वेळाने ताईनेच विचारले, "चढणारे दिसतात. पण त्यांच्यापुढं उभं राहून हे टिपणारा कोण? तोही चढलाच असेल ना?"

चढलाच असणार! कॅमेऱ्याचे ओझे वागवीत, थंडीत कडक होऊन तुटणारी फिल्म बधिर बोटांनी भरीत. आणि बारा वर्षे आधीची, १९५३ सालची गोष्ट तर आणखी मौजेची. २९ मे रोजीच हिलरी आणि तेनसिंग प्रथम माथ्यावर पोचले. हिलरीने तेनसिंगचा फोटो काढला. हिलरीचा शिखरावरचा फोटो मात्र नाहीच.

"अगंबाई! एवढ्या वर जाऊन?"

सकाळी आम्ही पैसाच्या खांबाच्या दर्शनाला गेलो. या खांबाला टेकून १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, अशी श्रद्धा आहे. सांगणारे ते, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. ग्रंथाच्या शेवटी त्यांचे नाव आहे, पण यात्रेकरू सहसा खांबालाच हात लावून परततो. ताईने खांबाला नमस्कार केला. मग शेजारची मोकळी जमीन दाखवून विचारले, "बाबा बसले असतील ते इथंच का रे?"

मला काय माहीत! मी मान हलवली. ताई वाकली, आणि त्या जागेलाही हात लावून तिने तो कपाळाला लावला.

परत येताना ती भाचीला म्हणाली, "वर गेलीस तर एक फोटो दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घे. आणि लोकरीचे मोजे मी करते. बाजारच्या मोज्यांत काही दम नसतो."