आमचे दप्तर ढगात जाते

कागद ही वस्तू नको असते तेव्हा पायात येते आणि हवी असते तेव्हा परागंदा होते. हा अनुभव ज्याला नाही त्याने हा लेख वाचण्याच्या भानगडीत पडू नये. त्याने सरळ देवळात जाऊन बसावं. लोक त्याच्या पाया पडतील.

आमचं गाव सावदा. रावेर तालुक्यातलं, भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावरचं. इथली केळी रेल्वेच्या वाघिणींत बसून दिल्लीपर्यंत जाऊन आली आहे. म्हणजे गेली आहे, आलेली नाही. सावद्याचा माणूस आयुष्यभर दोनच गोष्टी मोजतो : आपल्या केळीचे घड आणि शेजाऱ्याच्या केळीचे घड. अशा या गावात केळी उत्पादकांच्या एका लहानशा सहकारी संस्थेचा मी मानद चिटणीस आहे. 'मानद' या शब्दात मान पुढे असतो. प्रत्यक्षात तो कुठेच नसतो.

संस्थेचं दप्तर आबांकडे असे. आबा आमचे हेडक्लार्क. चाळीस वर्षं त्यांनी संस्थेचे कागद रुमालात बांधले. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागदांचे गठ्ठे बांधायचं चौकोनी फडकं. ही पद्धत मागासलेली आहे असं कोणी म्हटलं की मी त्याला पुण्याचं पुराभिलेखागार दाखवतो. पेशवे दप्तराचे मोडी कागद तिथे असेच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार सरदेसायांनी 1930 च्या दशकात त्यातून निवडक कागदांचे 45 खंड काढले. अटकेपार गेलेल्या लोकांचा हिशेब रुमालात मावत असेल, तर रावेरपार न गेलेल्या आमच्या संस्थेचा मावायला काय हरकत होती?

पण आखाजीच्या सुट्टीत अध्यक्षांचे चिरंजीव पुण्याहून आले. ते संगणकात असतात. म्हणजे शरीराने पुण्यात आणि बाकी सगळे संगणकात. त्यांनी आमच्या कार्यालयातले रुमाल पाहिले, नाकाला खिशातला रुमाल लावला आणि म्हणाले, "काका, तुम्ही लोक अजून यात आहात? तुम्ही ढगात या!"

आबा हळूच म्हणाले, "आता तेवढंच राह्यलं."

चिरंजीवांनी खुलासा केला. ढग म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेले मोठाले संगणक. आपले कागद तिथे ठेवायचे. मग एकाच कागदावर सावद्याहून मी आणि रावेरहून अध्यक्ष एकाच वेळी लिहू शकतो. कोणी काय खोडलं, केव्हा खोडलं, ते कळतं. शेअरपॉइंट नावाची व्यवस्था 2001 मध्ये निघाली, गूगलचं ड्राइव्ह 2012 मध्ये आलं, आता तर अशा डझनभर व्यवस्था आहेत. जगातल्या कचेऱ्या अशाच चालतात. एवढं ऐकल्यावर सावद्याने मागे राहणं बरं दिसलं नसतं.

कार्यकारी समितीची खास बैठक झाली. ती पावणेदोन तास चालली. त्यातला एक तास किमतीवर गेला, पस्तीस मिनिटं उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचं यावर, आणि उरलेली दहा मिनिटं चहावर. आपण कागद ठेवतो ते कशासाठी, कोणासाठी आणि किती दिवस, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता. तो चहाबरोबरही निघाला नाही.

उद्घाटन थाटात झालं. त्याच समारंभात आबांना नारळ दिला. अर्थात शालीसकट.

मग शहरातून दोन मुलं आली. मुलं हुशार, कष्टाळू, गोड बोलणारी. फक्त त्यांनी केळीची बाग कधी पाहिली नव्हती. त्यांनी आठ दिवसांत चाळीस वर्षांचे कागद यंत्राखालून काढले आणि ढगात त्यांचे कप्पे पाडले. आम्ही कौतुकाने पाहत राहिलो. नवव्या दिवशी मला 'कांदेबाग' पाहायची होती. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे केळी पावसाळ्याच्या तोंडाशी लावली तर मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराला लावली तर कांदेबाग. तिचा कांद्याशी तुमच्या-आमच्याइतकाच संबंध. पण मुलांनी 'कांदा' असा स्वतंत्र कप्पा करून सगळी कांदेबाग त्यात ओतली होती. आमच्या दरपत्रकात नवती आणि पिलबाग यांच्या खाली 'वापसी' असते. चांगला माल निवडून गेल्यावर मागे राहतो तो डावा माल. मुलांनी वापसी म्हणजे 'रिटर्न्स' असं धरून ती आयकराच्या विवरणपत्रांशेजारी ठेवली. आयकर भरणाऱ्यांना यात विसंगत असं काही दिसणार नाही, पण व्यापाऱ्याला दर सांगताना आमची धांदल उडाली.

पुढे आणखी गंमत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली आमची पत्रं संगणकावरच टाइप केलेली होती, म्हणून ती अलगद सापडतील असं मला वाटलं. मी शोधायच्या चौकटीत 'केळी' असं लिहिलं. यंत्र म्हणालं, अशी वस्तू या संस्थेत नाही! कारण ती पत्रं जुन्या ठशांत टाइप केलेली. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी मराठी टाइप करायचे जे ठसे होते, त्यांत पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी असे. डोळ्यांना 'केळी' आणि यंत्राला निव्वळ बाराखडीचा अपघात. त्यातून गावाचं नाव इंग्रजीत कोणी 'व्ही' घालून लिहिलेलं, कोणी 'डब्ल्यू' घालून. एकच सावदा ढगात दोन गावांना वाटून गेलं.

अधिकारांचं तर विचारू नका. पहिल्या महिन्यात सगळ्यांना सगळं दिसत होतं. सभासदांचे आधारकार्डाचे फोटो, पासबुकं, कोणाचं किती कर्ज थकलंय, सारं! व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे हे कळल्यावर अध्यक्ष घाबरले आणि त्यांनी सगळं बंद करायला लावलं. दुसऱ्या महिन्यात कोणालाच काही दिसेना. किल्ली एकाच मुलाकडे होती आणि तो स्वतःच्या लग्नाच्या रजेवर होता. तोवर दरपत्रकाची 'अंतिम', 'अंतिम नवे' आणि 'अंतिम खरे' अशी तीन भावंडं जन्माला आली होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण श्रावणात एक बाई आल्या.

त्यांचे यजमान आमचे जुने सभासद. उन्हाळ्यात वारले. त्यांची संस्थेत ठेव होती. पावती घरी सापडत नव्हती आणि मुलीच्या कॉलेजची फी भरायची मुदत जवळ आली होती. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "ताई, आता पूर्वीसारखं नाही. दोन मिनिटांत काढतो." दोन मिनिटं झाली, दोन तास झाले. बाई दुसऱ्यांदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या. यंत्र आपलं प्रत्येक वेळी सभ्यपणे सांगे की या नावाचं काही नाही. तिसऱ्या खेपेला बाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "भाऊ, मशिनीत त्यायचं नाव नसन, तं ते सभासदच नव्हते का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या माणसाने तीस वर्षं आमच्या काट्यावर केळी मोजली होती. सर्वसाधारण सभेत दरवर्षी उठून माझ्या अहवालातली चूक काढली होती. आणि आम्ही त्याला आठ दिवसांत, पैसे मोजून, नाहीसा केला होता.

संध्याकाळी मी आबांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग नाव विचारलं. क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "भाऊ, त्या साली वादय झालं व्हतं. बागा आडव्या झाल्या. ज्यायचं कर्ज लांबवलं त्यायच्या ठेवीच्या नकला पंचनाम्यासंगं बांधल्या म्या. वादयाच्या रुमालात पाहा."

दुसऱ्या दिवशी पाहिलं. वादळाचा रुमाल मुलांनी 'हवामान' या कप्प्यात ठेवला होता आणि पावतीचं नाव होतं 'स्कॅन 0047'. बाईंना पैसे मिळाले. फी मुदतीच्या आत भरली गेली. त्या सही करून गेल्यावर मी बराच वेळ त्या 0047 कडे पाहत बसलो.

खरं म्हणजे मला हे आधीच कळायला हवं होतं. मी जिल्हा परिषदेत तीस वर्षं काढलेला माणूस. तिथे आम्हाला सहा गठ्ठ्यांची पद्धत घोटून शिकवली होती : चालू प्रकरणं, वाट पाहण्यातली प्रकरणं, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेखागारात धाडायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. शिवाय प्रत्येक कागदाचं आयुष्य ठरलेलं. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' पाच-दहा वर्षांचा आणि 'ड' वर्षभराचा. अनिलकुमार लखिना नावाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी 1980 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरमध्ये कचेरीची अशीच शिस्तशीर मांडणी केली आणि 'लखिना पॅटर्न' हा शब्द सरकारी नोकरांच्या तोंडी बसला. त्यात संगणक नव्हता. कोणता कागद कोणाचा, त्याचं नाव काय आणि तो मरणार कधी, एवढंच आधी ठरवलेलं होतं. हे सगळं कोळून प्यालेला मी, पडदा उजळल्याबरोबर सातवा गठ्ठा होऊन बसलो.

मात्र म्हणून रुमालच बरे होते असं मी म्हणणार नाही. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली. त्यात माणसं गेली आणि फायलींचे ढीगच्या ढीग गेले. आगीला अ, ब, क, ड कळत नाही. आमचे सगळे रुमाल तर एकाच खोलीत, आणि त्या रुमालांची अनुक्रमणिका एकट्या आबांच्या डोक्यात. आबा सत्तरीला टेकलेले. ढगात जायला हवंच होतं. फक्त आंघोळ करून जायला हवं होतं.

मी समितीपुढे आबांना परत बोलवायचा ठराव मांडला. या वेळी खर्चावर तासभर चर्चा झाली नाही. अध्यक्षांच्या चिरंजीवांनी स्वतः फोनवरून अनुमोदन दिलं आणि वर म्हणाले, "काका, हे आधी करायचं असतं." मी म्हणालो, "बाळा, हे आधी सांगायचं असतं."

आबा आले. आमच्या संगणकावर काम करणाऱ्या मुलीशेजारी खुर्ची टाकून बसले. पहिले पंधरा दिवस त्यांनी यंत्राला हातच लावू दिला नाही. साध्या वहीत रकाने आखले : कागदाचं नाव, तो कोणाच्या ताब्यात, कोणी पाहायचा, कोणी बदलायचा, किती वर्षं ठेवायचा. नावं सगळी आमच्या तोंडातली. वापसी म्हणजे वापसीच. चहाची जुनी बिलं पाहून त्यांनी 'ड' म्हटलं आणि चाळीस वर्षांच्या कागदांतले निम्मे वहीतच निकालात निघाले. मग फक्त सभासदांचे कागद ढगात नेले. ते महिनाभर नीट सापडू लागल्यावर दरपत्रकं नेली. जुन्या ठशांतली पत्रं त्या मुलीने युनिकोडमध्ये बदलून घेतली. किल्ल्या दोघांकडे दिल्या, आणि त्या दोघांची लग्नं झालेली आहेत याची खात्री करून घेतली.

व्यवस्था पुरवणाऱ्यांचा माणूस वर्षाच्या करारासाठी आला तेव्हा आबांनी एकच प्रश्न विचारला. "भाडं थकलं आन् घर सोडलं, तं भांडीकुंडी नेऊ देता ना?" तो माणूस गोंधळला. मी भाषांतर केलं : उद्या आम्ही ही व्यवस्था सोडली, तर आमचे कागद आम्हाला कोणत्या रूपात, किती दिवसांत परत मिळतील? त्याने आठवड्याने लेखी उत्तर पाठवलं. आबांनी ते 'अ' वर्गात टाकलं.

आता बरं चाललंय. परवा वीज गेली तेव्हा मोबाइलवरून पावती काढून दिली. आबा रोज अकराला येतात आणि त्या मुलीला गोष्टी सांगतात : हा सभासद त्याचा साडू, त्या साली गारपीट, या ठरावावर भांडण झालं होतं. ती ऐकते आणि प्रत्येक कागदाला त्यातले दोन-दोन शब्द जोडून ठेवते.

गेल्या आठवड्यात शेवटचा रुमाल सुटला. आबांनी फडक्याची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, एक सांगा. मले कोन्त्या वर्गात टाकलं तुमी?"

मला भरून आलं. मी म्हणालो, "आबा, तुम्ही 'अ' वर्ग. कायम!"

आबांनी मान डोलावली. घडी नीट केली. आणि त्या मुलीला म्हणाले, "लिहून घे व पोरी. कायम म्हने. पगारबी कायम का, ते इच्यार भाऊले."