बोरीकाठची शतके

इतिहास असावा तर राजधानीला, असा आपला एक समज असतो. बोरीकाठच्या आमच्या अमळनेरला कोणी राजधानी म्हटले नाही. पण शतके तिथेही मुक्काम करून गेली आहेत.

1818 हे एकच साल घ्या. पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला. अमळनेरच्या किल्ल्यातील अरब शिबंदी मात्र हटून बसली. इंग्रजी फौज चालून आली तेव्हा कुठे तिने शस्त्रे खाली ठेवली. त्याच साली संत सखाराम महाराजांनी देह ठेवला. किल्ल्याचा दरारा केव्हाच ओसरला. महाराजांची समाधी मात्र ऐन नदीच्या पात्रात उभी आहे, आणि वैशाखात एकादशीचा रथ निघाला की माणसांचा पूर लोटतो!

पुढे प्रतापशेठजींची कापडगिरणी आली. गाव भोंग्यावर उठू-जेवू लागले. पण शेठजींचे समाधान नुसत्या सुतावर कुठले व्हायला? 1916 साली त्यांच्या आश्रयाने इथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कापसाच्या गावात वेदान्तही पिंजला जाऊ लागला! 1924 पासून साने गुरुजी इथल्या शाळेत शिकवीत. 1930 साली सत्याग्रहासाठी ते नोकरी सोडून गेले. 1945 च्या डिसेंबरात प्रेमजींची कंपनी निघाली. तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरात. तीच आजची विप्रो. तिचे नाव आता संगणकामुळे जगभर झाले आहे.

हे सारे मी परवा मुलाला ऐकवले. आमचे तिथले घर विकावे, असे त्याचे म्हणणे आहे. तो हसून म्हणाला, "बाबा, म्हणजे जो तो मोठा झाला आणि निघून गेला. आपणही गेलोच की!"

बोलणे खोटे नव्हते. मी इतकेच म्हणालो, "अरे, 1952 साली अमळनेरला साहित्य संमेलन भरले होते. ते 72 वर्षांनी, 2024 साली, पुन्हा तिथेच आले. गेलेले परतही येते." आणि मी गेलो की शेजारच्या आजी ओट्यावरून अजून विचारतात, "उना का भाऊ?" पुण्यात चाळीस वर्षे काढली, मी आलो की नाही, हे तिथे कोणी विचारलेले नाही.

घराचे काय ते मुलानेच ठरवावे. फक्त यंदाची दिवाळी त्याने तिथे करावी, ओसरीवर एक पणती लावावी, आणि मग ठरवावे.